पाड्यावरचा हिवताप : शहापूर-मुरबाडच्या गावकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर मी अनेक वर्षं आरोग्य सेवक म्हणून फिरलो. ग्रामसभेत, अंगणवाडीच्या ओट्यावर, वीटभट्टीवर लोकांनी मला जे प्रश्न विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. ही पानं आरोग्य खात्यातल्या लोकांसाठी लिहिलेली नाहीत. पाड्यावरची शिकलेली पोरं, बचत गटातल्या बायका, शिक्षक, पोलीस पाटील, ग्रामपंचायत सदस्य यांच्यासाठी लिहिली आहेत, कारण हिवताप थांबवायचं निम्म्याहून जास्त काम त्यांच्याच हातात आहे असं माझं ठाम मत आहे.

हिवताप आणि मलेरिया एकच का?

हो, एकच. सरकारी कागदावर हिवताप, दवाखान्यात मलेरिया, पाड्यावर थंडीताप. थंडी वाजते, हुडहुडी भरते, मग ताप चढतो आणि घाम येऊन उतरतो. मात्र प्रत्येकाला थंडी वाजतेच असं नाही. लहान मुलांत तर नुसता ताप, उलटी किंवा मलूलपणा एवढंच दिसतं. म्हणून 'थंडी नाही, म्हणजे हिवताप नाही' असं घरच्या घरी ठरवू नका.

डास तर सगळीकडे आहेत. मग ठरावीक पाड्यांवरच हा ताप का?

डास जन्मतः हिवताप घेऊन येत नाही. ॲनाफिलीस जातीची मादी आधी आजारी माणसाला चावते, त्याचे जंतू तिच्या पोटात जातात, तिथे साधारण दहा ते चौदा दिवस वाढतात आणि मग ती पुढच्या माणसाला देते. डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात हे जंतू पाहिले. त्याआधी लोक खराब हवेला दोष देत. आपल्याकडे अजूनही 'तिकडचं पाणी लागलं' असं म्हणतात. पाणी लागत नाही, पाण्यात वाढलेला डास लागतो. आणि त्या डासालाही आधी आजारी माणूस लागतो.

म्हणजे पाड्यावर हिवताप फिरत राहायचा तर तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : डास वाढेल असं पाणी, त्याला बसायला गोठा किंवा अंधारी भिंत, आणि उपचार न झालेला एक तरी रुग्ण. पहिल्या दोन गोष्टी डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर पूर्ण घालवता येत नाहीत. ओहोळ आहेत, भातखाचरं आहेत, गुरं आहेत. तिसरी मात्र घालवता येते. माझा सगळा भर तिच्यावर का आहे ते पुढे कळेल.

हे काम तर आरोग्य खात्याचं. गावाने काय करायचं?

खात्याने करायचं ते खात्याने करायलाच हवं, आणि होत नसेल तर ग्रामसभेत विचारायलाही हवं. पण हिशोब बघा. आरोग्य सेवकाने पंधरवड्यातून एकदा घरभेट द्यायची असते. तो सोमवारी येऊन गेला आणि मंगळवारी एखाद्याला ताप आला, तर पुढची भेट तेरा दिवसांनी. तोवर त्या माणसाला रोज रात्री डास चावतात. हिवतापाचे मुख्य प्रकार दोन, व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम. व्हायवॅक्स प्रकारात तर ताप आल्याबरोबर, कधी त्याच्याही आधी, डासाला लागण होईल असे जंतू रक्तात असतात. फॅल्सिपेरममध्ये ते साधारण दहा दिवसांनी तयार होतात. पहिल्याच दिवशी तपासणी आणि औषध झालं तर बहुतेक वेळा लागण झालेला दुसरा डास तयारच होत नाही. तेरा दिवस गेले तर शेजारची चार घरं गेली.

मंगळवारी कोणाला ताप आला हे कोणाला माहीत असतं? शेजारणीला. पाणवठ्यावरच्या बायकांना. ज्याच्या गैरहजेरीने आवणीचं काम अडलं त्या शेतकऱ्याला. अंगणवाडीत पोर आलं नाही म्हणून ताईला. ही माहिती पाड्यावर त्याच दिवशी असते. ती आशाताईपर्यंत त्याच दिवशी पोहोचवणं हा गावाचा सहभाग. रॅली आणि घोषणा त्यानंतर.

मग ते करायचं कसं?

एक वही घाला. मी तिला तापाची वही म्हणायचो. दोनशे पानी, साधी. तारीख, नाव, कोणत्या घरचा, ताप कधी आला, रक्त कधी घेतलं, काय निघालं, गोळ्या किती दिवसांच्या आणि संपल्या का, आणि गेल्या महिन्याभरात बाहेरगावी होता का. आठ रकाने. ही वही आशाताईच्या नोंदींची जागा घेत नाही. एका आशाताईकडे बरेचदा तीन-चार पाडे असतात आणि पावसात मधला ओढा भरला की तिला इकडे येता येत नाही. अशा पाड्यावर तिचे कान म्हणून कोणीतरी लागतं.

वही कोणाकडे द्यायची यात मी सुरुवातीला चूक केली. लिहितावाचता येणारा हुशार तरुण शोधून त्याच्याकडे द्यायचो. दिवाळी झाली की तो गोदामात कामाला भिवंडीला, आणि वही त्याच्या पेटीत. नंतर एका पाड्यावर ती किराणा दुकान चालवणाऱ्या बाईंकडे ठेवली. त्यांना लिहायला येत नव्हतं, नोंद त्यांची सातवीतली मुलगी करायची. पण दुकानात रोज सगळा पाडा यायचा आणि तापाची गोळी मागायलाही तिथेच यायचा. 'गोळी देते, आधी नाव सांग, आणि आशाताईकडे जा', असं त्या म्हणायच्या. वही जिथे माणसं येतात तिथे ठेवा, लिहिणारा कोणीही मिळतो.

एक पथ्य पाळा. कोणाला काय निघालं हे चारचौघांत वाचून दाखवायचं नाही. लोकांना नाव फुटण्याची भीती वाटली की ती ताप लपवतात.

आशाताई बोटाला सुई टोचून पट्टीवर तपासते. ती तपासणी खरी असते का?

हो. किटवर साधारण पंधरा-वीस मिनिटांत उत्तर येतं आणि व्हायवॅक्स की फॅल्सिपेरम तेही कळतं. सोबत काचपट्टीवर रक्त घेतात, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दोन्ही फुकट. एकदा काही निघालं नाही आणि ताप राहिलाच, तर पुन्हा रक्त द्या. पहिल्या दिवशी जंतू कमी असले तर सापडत नाहीत. किटचा साठा संपला असेल तर काचपट्टी तरी घ्यायला लावा आणि साठ्याबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विचारा.

ताप तर दोन दिवसांत उतरतो. मग चौदा दिवस गोळ्या कशाला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला, आणि याचं उत्तर पाड्याला नीट पटलं तर बाकीचं सोपं होतं.

व्हायवॅक्सचे जंतू रक्तातही असतात आणि यकृतातही लपतात. क्लोरोक्विन तीन दिवसांत रक्तातले मारतं, ताप उतरतो, माणूस कामाला जातो. यकृतातले मात्र झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, उठतात. नवा डास न चावताही तोच ताप परत येतो. त्यांना मारायला प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं. खात्याच्या भाषेत याला समूळ उपचार म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे. गवत वरून कापलं की पुन्हा फुटतं, मुळासकट उपटावं लागतं. फॅल्सिपेरमला तीन दिवसांचं वेगळं औषध आणि प्रायमाक्विनचा एक डोस. ती एक गोळी रुग्णाला बरं वाटावं म्हणून नसते. त्याच्या रक्तातून डासाला लागण होऊ नये, म्हणजे शेजाऱ्यासाठी असते.

प्रायमाक्विन रिकाम्या पोटी घेऊ नका, मळमळतं. गरोदर बाईला आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला ते देत नाहीत. काही माणसांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचा घटक कमी असतो, त्यांना हे औषध बाधतं. गोळी सुरू असताना लघवी गडद, चहाच्या रंगाची झाली, डोळे पिवळे दिसले किंवा दम लागला, तर गोळी थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे जा. म्हणूनच उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या वेळी दुसऱ्याला देऊ नका.

चौदा दिवस पुरे व्हावेत म्हणून घरातल्या कोणाला तरी जबाबदारी द्या. एका घरी आजीने भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढली होती. मी गेलो तेव्हा अकरा रेघा होत्या आणि तीन गोळ्या शिल्लक. हिशोब चोख.

आमची निम्मी माणसं भट्टीवर जातात. त्यांचं काय?

खरा पेच इथेच आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, भिवंडी, कल्याणकडे किंवा आणखी लांब. भट्टीसाठी माती काढलेले खड्डे पाण्याने भरलेले असतात, राहायला वाळक्या गवताच्या आणि विटांच्या झोपड्या, आणि आरोग्य कर्मचाऱ्याच्या यादीत ही घरं नसतात. गावाची आशाताई म्हणते, ती माणसं इथे नाहीत. भट्टीजवळची म्हणते, ती आमची नाहीत. ताप आला तर मुकादम एखाद्या डॉक्टरकडे नेतो, सुई-बाटली होते, खर्च उचलीत धरला जातो. रक्त तपासलंच जात नाही. ठाणे, नवी मुंबईच्या बांधकामांवर जाणाऱ्यांचंही असंच. शहरात ॲनाफिलीसची वेगळी जात आहे, ती गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात वाढते. शहरातला हिवताप कमी समजू नका.

मग पाऊस तोंडावर आला की सगळे परत येतात. म्हणजे अर्धवट उपचार झालेली माणसं पाड्यावर येतात आणि त्याच महिन्यात ओहोळ, खाचरं, डबकी भरून डासांची पैदास वाढते. जून हा देशभर हिवताप प्रतिरोध महिना म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याची तयारी मे महिन्यातच, भट्टीवरचे ट्रक परतायला लागतात तेव्हा सुरू व्हायला हवी.

पाड्याने तीन गोष्टी कराव्यात. जाताना कोण कुठल्या भट्टीवर आणि कोणाच्या मुकादमीत चाललं आहे हे वहीत लिहून ठेवा. ती यादी उपकेंद्राला द्या, म्हणजे भट्टी ज्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत आहे त्यांना कळवता येतं. सोबतच्या एका तरी माणसाला सांगून ठेवा की ताप आला तर त्या गावच्या आशाताईकडेही तपासणी फुकट होते, आधार कार्ड किंवा पत्ता आड येत नाही. आणि परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात घरोघर विचारा : तिकडे ताप आला होता का, आत्ता आहे का? 'हो' म्हणणाऱ्या प्रत्येकाचं रक्त तपासून घ्या. एवढं एक काम झालं तर मी पावसाळाभर निर्धास्त झोपलो असतो.

भट्टीमालकाशी बोलायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) गेले तर फरक पडतो. आजारी माणूस विटा थापत नाही, हे त्यालाही कळतं. आश्रमशाळेतल्या मुलांचंही लक्षात ठेवा. दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीनंतर ती वसतिगृहात परततात, तेव्हा पुढचे दोन-तीन आठवडे ताप आलेल्या प्रत्येक मुलाचं रक्त घ्यायला अधीक्षकांना सांगा.

फवारणीवाले आले की आम्ही घर बंद ठेवतो. भिंती खराब होतात, वास येतो.

वास काही दिवसांत जातो. औषध मात्र भिंतीवर साधारण अडीच-तीन महिने काम करतं. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर टेकते आणि मरते. त्यासाठी औषध भिंतीवर राहायला हवं. आपल्याकडे कुडाच्या भिंती, त्यावर शेणामातीचं सारवण. फवारणी झाली आणि चार दिवसांत लग्न निघालं म्हणून घर सारवलं, की औषध सारवणाखाली गेलं. यावर उपाय साधा आहे : फवारणीची तारीख आठ दिवस आधी कळायला हवी आणि ती बायकांना कळायला हवी. दवंडी पुरुषांच्या कानी पडते, सारवण बायका करतात. आधी सारवून घ्या, वाळू द्या, मग फवारणी.

देवाची खोली आणि स्वयंपाकाची जागा सोडा, असं घरचे लोक सांगतात. भांडी, धान्य, पाणी बाहेर काढून किंवा नीट झाकून तिथेही करून घ्या. देव्हाऱ्यापुरता कपडा टाका. गोठा मात्र अजिबात सोडू नका. आपल्या भागातला हा डास माणसाइतकाच, किंबहुना जास्त, गुरांवर जातो आणि गोठ्यातच विसावतो.

धुराची गाडी पाड्यावर का पाठवत नाहीत?

धूर त्या क्षणी उडत असलेल्या डासांपुरता असतो. तास-दोन तासांत विरतो, अळ्या तशाच राहतात. साथ असेल तेव्हा त्याचा उपयोग आहे. एरवी धुरासाठी मोर्चा नेण्यापेक्षा किट, गोळ्या आणि भिंतींवरच्या फवारणीसाठी न्या.

मच्छरदाणीत उकडतं, आणि पीक राखायला तर माळ्यावर झोपावं लागतं.

हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, त्यामुळे झोप झाकली तर बरंच काम होतं. सरकारकडून मिळणारी औषधी मच्छरदाणी साधारण तीन वर्षं किंवा वीस धुण्यांपर्यंत चालते. नवी असेल तर एक दिवस सावलीत उघडून ठेवा. साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा, ओढ्यात धुऊ नका, त्या औषधाने मासे मरतात. मासे पकडायला किंवा कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकायला तर नकोच. घरात एकच असेल तर गरोदर बाई आणि लहान मुलं आत. माळ्यावर चार काठ्यांना बांधता येते. रात्री खेकड्यांना, माशांना जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत आणि उघड्या भागाला कडुनिंबाचं तेल लावावं. तेलाने थोडा वेळ आधार मिळतो, पण त्यावर विसंबू नका.

आठवड्याचा कोरडा दिवस पाड्यावर पाळून उपयोग आहे का?

आहे. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून सात दिवसांतून एकदा पिंपं, रांजण, हौद रिकामे करून घासायचे. शहापूर तालुक्यात भातसा, तानसासारखी धरणं आहेत आणि तरी आपल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मिळालेलं पाणी ओतून द्या असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. तेव्हा रिकामं करता येत नसेल तर फडक्याने घट्ट झाकून बांधा. डेंग्यूचा डास याने नक्की आवरतो.

पण पाड्यावरच्या हिवतापाचा डास जास्त करून घराबाहेरच्या स्वच्छ पाण्यात वाढतो : ओहोळाचं कडेचं संथ पाणी, पाझराची डबकी, खाचरं, गुरांच्या खुरांचे खड्डे. ऑक्टोबरमध्ये ओहोळाची धार तुटते आणि जागोजाग डोह राहतात, तेव्हा श्रमदान करा. डबकी एकमेकांना चरीने जोडून पाणी वाहतं करा, कडेचं गवत-शेवाळ काढा. पाण्यात वाकून बघा : पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी, समांतर पडलेली अळी ही हिवतापाच्या डासाची. डोकं खाली करून लटकलेली दुसऱ्या डासांची. शाळेतली पोरं हे एका दिवसात शिकतात.

वनराई बंधाऱ्यांबद्दल, म्हणजे मातीने भरलेल्या गोण्यांच्या तात्पुरत्या बांधांबद्दल, नेहमी वाद होतो. बंधारे घाला, पाणी हवंच. फक्त कडा गवतमुक्त ठेवा आणि आठवड्यातून एकदा दोन-चार गोण्या हलवून पातळी खालीवर करा, कडेच्या अळ्या कोरड्या पडतात. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे हौदात, न वापरत्या विहिरीत, बांधीव टाक्यांत सोडा. ओढ्या-नदीत सोडू नका, आपले स्थानिक मासे त्याने मागे हटतात.

आमचे लोक आधी भगताकडे जातात.

जाऊ द्या, पण फक्त तिथेच थांबू नका. भगताला वाईट ठरवून मी कधी काही साधलं नाही. त्याच्या घरच्या ओट्यावर बसून बोललो तेव्हा साधलं. त्याला सांगितलं, 'बाबा, तुमचं तुम्ही करा, पण अंग तापलेलं असेल तर त्याच दिवशी रक्त द्यायला सांगा.' एकाने किटच आपल्या घरी करायला आशाताईला बोलावलं. ताप आलेला माणूस पाड्यावर सर्वांत आधी ज्याच्याकडे जातो, त्याला कामाच्या बाहेर ठेवून कसं चालेल?

कधी अजिबात थांबायचं नाही?

बेशुद्धी, झटके, असंबद्ध बोलणं, सारखी उलटी, दम लागणं, कावीळ, लघवी लाल-काळी होणं, बाळाने दूध सोडणं. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. पाड्यापर्यंत गाडी येत नसेल तर डोली करून रस्त्यापर्यंत न्या आणि रस्त्यावर कोण थांबेल हे आधीच ठरवा. फॅल्सिपेरम एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जातो. गरोदर बाईचा ताप कधीच 'साधा' समजू नका : रक्त कमी होतं, गर्भपात होऊ शकतो, बाळ कमी वजनाचं होतं.

यासाठी पैसे कुठून आणायचे?

वहीला पैसे लागत नाहीत. बाकीसाठी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे अबंधित निधी, म्हणजे ठरावीक कामाची अट नसलेला पैसा, असतो. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाड, भिवंडीतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथल्या ग्रामपंचायतींना पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) ५ टक्के अबंधित निधी मिळतो, आणि तो आरोग्य व स्वच्छतेवर खर्चता येतो. ग्रामसभेत ठराव मांडा आणि खर्च झाल्यावर हिशोब वाचायला लावा.

आमच्या पाड्यावर दोन वर्षांत एकही रुग्ण नाही. आता रक्त घेणं थांबवावं का?

नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असल्याचा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्ण साधारण एक लाखावर आले. सगळ्यांना वाटलं, संपलं. फवारणी आणि तपासणी ढिली पडली, कीटकनाशकाला डास दाद देईनासे झाले, आणि १९७६ साली रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली. देशाचं आताचं उद्दिष्ट २०२७ पर्यंत स्थानिक लागण शून्यावर आणण्याचं आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचं आहे. शून्य लागोपाठ तीन वर्षं टिकलं तरच ते मान्य होतं. आणि तपासलेल्या रक्ताशिवाय शून्य सिद्ध कसं करणार?

म्हणून ताप आला की रक्त द्यायचं, हे चालूच ठेवा. ज्या महिन्यात पाड्यावर कोणालाच ताप आला नाही, त्या महिन्याचंही पान वहीत सोडा, वर तारीख घाला आणि खाली 'ताप नाही' एवढं लिहून सही करा.